राख, माती आणि वर्तुळ : टाकाऊ द्रव्यांपासून विटा करण्याचा महाराष्ट्रातील इतिहास – आहुपे परिसराच्या संदर्भात

सारांश :
औष्णिक वीजकेंद्रांतील राख, कारखान्यांतील गाळ व नगरांतील बांधकामाचा राडारोडा यांपासून विटा तयार करण्याचा विषय आजवर प्रामुख्याने अभियांत्रिकी व पर्यावरणशास्त्राच्या अंगाने अभ्यासला गेला आहे. प्रस्तुत निबंधात त्याकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. टाकाऊ द्रव्य विटेत मिसळण्याची प्रथा महाराष्ट्राला नवी नाही. नवे आहे ते त्यामागील सक्तीचे स्वरूप. १९९९ साली केंद्र शासनाने शेतीचा वरचा सुपीक थर वाचविण्याच्या हेतूने विटेत राख मिसळणे बंधनकारक केले. पुढील दोन दशकांत या धोरणाचा भर मातीच्या रक्षणाकडून राखेच्या विल्हेवाटीकडे सरकला. हे स्थित्यंतर पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यातील आहुपे या सह्याद्रीच्या माथ्यावरील गावाच्या संदर्भात तपासले आहे.

बीजसंज्ञा : वीट, सुरखी, फ्लाय ॲश, सुपीक मृदा, आहुपे, आंबेगाव, वीटभट्टी कामगार.

प्रस्तावना :
घोडनदी सह्याद्रीच्या ज्या माथ्यावर उगम पावते त्याच परिसरात आहुपे हे गाव वसलेले आहे. पश्चिमेला कोकणात उतरणारा आहुपे घाट, भोवती भीमाशंकरचे अरण्य, गावाजवळ राखलेली देवराई, महादेव कोळी समाजाची वस्ती, पावसाळ्यात भाताची खाचरे आणि हंगामात हिरडा गोळा करण्याचे काम असे या गावाचे जीवन आहे. येथे औष्णिक वीजकेंद्र नाही, साखर कारखाना नाही, नगरपालिकाही नाही. मग औद्योगिक व नागरी कचऱ्यापासून होणाऱ्या विटांच्या इतिहासाचा आहुप्याशी संबंध काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाचे उत्तर मातीत आहे. घोडनदीच्या खोऱ्यात खालच्या अंगाला, म्हणजे घोडेगाव, मंचर व त्यापुढील सपाट प्रदेशात जी काळी व गाळाची माती आढळते, ती शतकानुशतके डोंगरउतारावरून वाहून आलेली आहे. वीट थापली जाते ती अशाच मातीची. डोंगरावर मातीचा थर पातळ, खाली तो जाड. म्हणून वीट खाली होते आणि घाट चढून वर येते. विटेचा इतिहास म्हणजे पर्यायाने मातीच्या स्थलांतराचा इतिहास होय. टाकाऊ द्रव्यांच्या विटेचे धोरण आखले गेले तेव्हा त्याच्या केंद्रस्थानी हीच माती होती. ती केंद्रस्थानी कितपत टिकून राहिली, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा मुख्य हेतू आहे.

पूर्वपीठिका : विटेतील मिसळ
जुन्नर-आंबेगावचा प्राचीन वारसा मुख्यतः कोरीव आहे. नाणेघाट असो वा जुन्नरभोवतीच्या डोंगरांतील दोनशेहून अधिक लेणी, येथील माणसाने बेसॉल्टचा कातळ फोडून निवारा निर्माण केला. विटेची परंपरा दख्खनच्या सपाट भागात अधिक ठळक दिसते. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील त्रिविक्रम मंदिराचा मूळ भाग हे विटांच्या प्राचीन बांधकामाचे महाराष्ट्रातील महत्त्वाचे उदाहरण मानले जाते.

मातीत पिकाचे अवशेष मिसळण्याचे ज्ञानही तितकेच जुने आहे. अजिंठ्याच्या भिंतीवर चित्रांखाली जो मातीचा गिलावा आहे त्यात भाताचे तूस व वनस्पतींचे तंतू आढळतात. तेलंगणातील पालमपेट येथील तेराव्या शतकातील रामप्पा मंदिराच्या शिखरासाठी वापरलेल्या सच्छिद्र विटा त्यांच्या हलकेपणासाठी प्रसिद्ध आहेत. मातीत मिसळलेले तूस वा भुसा भट्टीत जळून जातो, त्याच्या जागी सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि वीट हलकी होते, हे त्यामागील तत्त्व होय. आजही महाराष्ट्रातील वीटभट्ट्यांवर चिखल मळताना भाताचे तूस, उसाचा भुसा वा कोळशाची राख मिसळली जाते. त्यामुळे चिखल साच्याला चिकटत नाही, वाळताना वीट तडकत नाही आणि आतील ज्वलनशील अंशामुळे भट्टीचे इंधनही वाचते. कुंभाराच्या आव्यात शेण, पाचट, पालापाचोळा हेच इंधन असे. गावातील टाकाऊ वस्तू गावाच्याच विटेत जिरत असे. तिला कचरा असे वेगळे नावही नव्हते.

आहुप्यासारख्या गावात मात्र भाजलेली वीट फारशी नव्हतीच. कारवीच्या काठ्यांचा कूड उभा करून त्यावर शेणमातीचा लेप देणे, ही सह्याद्रीच्या माथ्यावरील घरांची रीत होती. हा कूड पावसाने झिजला तर त्याची माती पुन्हा अंगणातच मिळे. या बांधकामात बाहेरून आणण्याजोगे काही नव्हते आणि बाहेर टाकण्याजोगेही काही उरत नव्हते. आधुनिक विटेशी तुलना करताना ही बाब लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

सुरखी ते फ्लाय ॲश :
टाकाऊ द्रव्याचा दुसरा जुना प्रवाह म्हणजे सुरखी. जास्त भाजलेल्या, तुटलेल्या वा जुन्या बांधकामातून निघालेल्या विटांचे चूर्ण म्हणजे सुरखी. चुन्याच्या घाणीत बैल जुंपून चुना व सुरखी एकत्र दळली जाई आणि त्यातून पाण्यातही घट्ट होणारा दर्जा तयार होई. पुण्यातील शनिवारवाड्याचे काम १७३० साली सुरू झाले. त्याच्या दगडी जोत्यावरील विटांच्या बांधकामासह पेशवेकालीन वाड्यांची वास्तू चुना व वीट यांच्या अशाच संगतीवर उभी होती. ब्रिटिश काळातील सार्वजनिक बांधकामांतही सुरखीचा वापर सर्रास होत राहिला.

सुरखी व आजची फ्लाय ॲश (उडती राख) यांचे रासायनिक तत्त्व एकच आहे. भाजलेल्या मातीतील वा राखेतील सिलिका व ॲल्युमिना यांची चुन्याशी पाण्याच्या सान्निध्यात अभिक्रिया होऊन सिमेंटसारखे बंधक द्रव्य तयार होते. रोमन लोकांनी पोझुओली येथील ज्वालामुखीच्या राखेचा असाच उपयोग केला म्हणून अशा द्रव्यांना पोझोलाना असे म्हणतात. दळलेला दगडी कोळसा बाष्पकात जाळल्यावर धुराबरोबर जी बारीक राख उडते तिच्यातही हा गुण असल्याचे अमेरिकेत १९३० च्या दशकात झालेल्या संशोधनातून सिद्ध झाले. भारतात १९६२ साली पूर्ण झालेल्या रिहंद धरणाच्या काँक्रीटमध्ये सिमेंटचा काही भाग वगळून फ्लाय ॲश वापरण्यात आली.

तात्पर्य, वैज्ञानिक ज्ञान १९६० च्या दशकातच उपलब्ध होते. भारतीय मानक संस्थेने पोझोलाना म्हणून वापरावयाच्या राखेचे मानक त्याच दशकात प्रसिद्ध केले. असे असूनही विटेच्या व्यवसायात राखेला स्थान मिळण्यास आणखी तीन दशके लागली. याचे कारण तंत्रज्ञानात नसून अर्थकारणात होते. भट्टीवाल्यास माती जवळजवळ फुकट मिळत होती आणि वीजकेंद्रास राख तळ्यात सोडणे स्वस्त पडत होते. दोघांनाही एकमेकांची गरज वाटत नव्हती.

औष्णिक वीज आणि राखेचे ढीग :
महाराष्ट्रात १९७० व १९८० च्या दशकांत औष्णिक विजेचा मोठा विस्तार झाला. नाशिकजवळील एकलहरे, नागपूरजवळील कोराडी व खापरखेडा, चंद्रपूर, भुसावळ, पारस व परळी ही केंद्रे राज्याच्या विजेचा आधार बनली. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः ३० ते ४० टक्के असते. म्हणजे तीन टन कोळसा जाळला की सुमारे एक टन राख उरते. ती पाण्यात कालवून नळांवाटे राखतळ्यांत सोडली जाई. राखतळ्यांखाली शेतजमिनी गेल्या, उन्हाळ्यात राख उडून पिकांवर बसू लागली आणि पाण्यात झिरपू लागली. हा प्रश्न केवळ भूतकाळातील नाही. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखबंधाऱ्याला भगदाड पडून राखमिश्रित पाणी परिसरात पसरले, ही घटना सर्वश्रुत आहे.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार १९९६-९७ मध्ये देशात सुमारे ६.९ कोटी टन राख निर्माण झाली आणि तिच्यापैकी जेमतेम दहा टक्के उपयोगात आली. १९९४ साली केंद्र शासनाने फ्लाय ॲश मिशन सुरू केले. भारतीय मानक ब्यूरोने १९९० मध्ये राख-चुना विटांचे (आय.एस. १२८९४) आणि १९९३ मध्ये भाजलेल्या माती-राख विटांचे (आय.एस. १३७५७) मानक प्रसिद्ध केले. विशाखापट्टणम येथील एन. भानुमतीदास व एन. कालिदास यांनी राख, चुना व जिप्सम यांच्या मिश्रणाची ‘फॅल-जी’ पद्धत विकसित करून लहान उद्योजकांना भट्टीविना वीट करण्याचा मार्ग दाखविला.

येथे दोन प्रकारच्या विटांतील फरक स्पष्ट करणे उचित ठरेल. पहिल्या प्रकारात माती व राख मिसळून वीट भट्टीत भाजली जाते. राखेतील न जळलेल्या कार्बनमुळे इंधन वाचते, परंतु माती लागतेच. दुसऱ्या प्रकारात राख, चुना वा सिमेंट, जिप्सम व वाळू अथवा दगडचुरा यांची वीट यंत्राने दाबून काढतात आणि पाणी मारून पक्की करतात. तिला माती व भट्टी दोन्ही लागत नाहीत, परंतु यंत्र, वीज, सिमेंट व पाणी लागते. पहिला प्रकार जुन्या भट्टीवाल्याला सामावून घेतो, दुसरा त्याला वगळून नवा कारखानदार निर्माण करतो.

१९९९ ची अधिसूचना :
दिल्ली उच्च न्यायालयातील एका जनहित याचिकेच्या पार्श्वभूमीवर केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने १४ सप्टेंबर १९९९ रोजी अधिसूचना प्रसृत केली. तिच्यातील हेतूंचा क्रम इतिहासाच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावा असा आहे. विटांसाठी होणारे सुपीक मातीचे उत्खनन रोखणे हा हेतू प्रथम येतो आणि बांधकाम साहित्यात राखेचा वापर वाढविणे हा त्यानंतर. कोळशावर चालणाऱ्या औष्णिक केंद्रापासून ५० कि.मी. त्रिज्येच्या आत मातीत वजनाच्या किमान २५ टक्के राख मिसळल्याशिवाय विटा, कौले वा ठोकळे तयार करण्यास या अधिसूचनेने मनाई केली. वीजकेंद्रांनी किमान दहा वर्षे राख विनामूल्य द्यावी, असेही बंधन घालण्यात आले.

या तरतुदीचे महत्त्व मोठे आहे. माती ही खाजगी खरेदी-विक्रीची वस्तू नसून सार्वजनिक हिताची संपत्ती आहे, हे तत्त्व वीटव्यवसायाच्या संदर्भात प्रथमच इतक्या स्पष्टपणे राष्ट्रीय पातळीवर मांडले गेले. तथापि, तिच्यात एक मूलभूत विसंगतीही होती. रक्षण करावयाचे होते मातीचे, परंतु वर्तुळ काढले गेले राखेभोवती. वीजकेंद्रापासून ४९ कि.मी.वरील माती वाचविण्यास पात्र ठरली आणि ५१ कि.मी.वरील माती तशीच सुपीक असूनही अपात्र ठरली. म्हणजे मातीचे मूल्य तिच्या गुणावरून न ठरता चिमणीपासूनच्या तिच्या अंतरावरून ठरले.

वर्तुळाचा विस्तार :
यानंतरच्या प्रत्येक दुरुस्तीने वर्तुळ वाढत गेले. २७ ऑगस्ट २००३ च्या दुरुस्तीने त्रिज्या १०० कि.मी. झाली आणि केवळ वीट करणाऱ्यांवर नव्हे, तर बांधकाम करणाऱ्या संस्थांवरही राखेच्या विटा टप्प्याटप्प्याने वापरण्याचे बंधन आले. ३ नोव्हेंबर २००९ च्या दुरुस्तीने चित्र पालटले. राखेला सिमेंट उद्योगात मागणी निर्माण झाली होती. त्यामुळे वीजकेंद्रांना राख विकण्याची मुभा मिळाली आणि कोरड्या राखेपैकी किमान २० टक्के राख वीट व ठोकळे करणाऱ्यांना विनामूल्य द्यावी, एवढेच बंधन उरले. कालपर्यंत कचरा असलेली वस्तू माल बनली की तिच्यावरील गरिबाचा हक्क कसा आक्रसतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

२५ जानेवारी २०१६ च्या दुरुस्तीने त्रिज्या ३०० कि.मी. केली. वाहतुकीचा खर्च १०० कि.मी.पर्यंत वीजकेंद्राने पूर्ण सोसावा आणि १०० ते ३०० कि.मी.पर्यंत वीजकेंद्र व वापरकर्ता यांनी निम्मा-निम्मा वाटून घ्यावा, असे ठरले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र शासनाने स्वतःचे राख वापर धोरण स्वीकारले. अखेर ३१ डिसेंबर २०२१ च्या नव्या अधिसूचनेने आधीच्या अधिसूचनांची जागा घेतली. राखेच्या शंभर टक्के वापराची जबाबदारी ‘प्रदूषण करणारा भरपाई देईल’ या तत्त्वावर वीजकेंद्रांवर टाकण्यात आली आणि न वापरलेल्या राखेसाठी प्रतिटन एक हजार रुपये पर्यावरणीय भरपाई ठरविण्यात आली.

परिणाम नाकारता येणार नाही. २०२१-२२ मध्ये देशात २७ कोटी टनांहून अधिक राख निर्माण झाली आणि तिच्यापैकी सुमारे ९६ टक्के राख उपयोगात आल्याची नोंद केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने केली आहे. दहा टक्क्यांपासून शहाण्णव टक्क्यांपर्यंतचा हा प्रवास धोरणाचे यश मानला जातो. परंतु हे यश राखेचे आहे. प्रास्ताविकात सुपीक मातीचा उल्लेख कायम राहिला असला, तरी मोजणी, लेखापरीक्षण, उद्दिष्ट व दंड हे सर्व राखेच्या टनांत मांडले गेले. किती राख वापरली याचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध होतो. किती माती वाचली याचा असा हिशेब धोरणाने कोणाकडेही मागितला नाही. पहिला हेतू अशा रीतीने शब्दांत उरला आणि दुसरा हेतू आकड्यांत उतरला.

आहुप्याच्या माथ्यावरून :
आता हीच वर्तुळे आहुप्याच्या नकाशावर ठेवून पाहू. नकाशावर सरळ रेषेत मोजल्यास एकलहरे केंद्र आहुप्यापासून ९० ते १०० कि.मी.च्या दरम्यान आहे. पश्चिमेस मुंबईतील तुर्भे (ट्रॉम्बे) येथील केंद्र सुमारे ७० ते ७५ कि.मी.वर आहे, मात्र तेथे कमी राखेचा आयात कोळसा वापरला जात असल्याने राखेचे प्रमाण तुलनेने अल्प असते. याचा अर्थ, १९९९ साली आहुपे धोरणाच्या बाहेर होते. २००३ साली ते कागदावर आत आले. २०१६ पासून तर ते निःसंशयपणे आत आहे. गाव जागचे हलले नाही, परंतु शासनाच्या दृष्टीने त्याचे स्थान तीनदा बदलले.

पण कंपासाने काढलेली त्रिज्या म्हणजे रस्ता नव्हे. तुर्भ्याहून वा एकलहऱ्याहून निघालेला मालमोटार घोडेगाव-डिंभे मार्गाने, जलाशयाच्या काठाकाठाने वळणे घेत आहुप्याला पोहोचतो. सरळ अंतर आणि प्रत्यक्ष अंतर यांतील तफावतीचा भाव शेवटी घर बांधणाराच मोजतो. यासाठी एक ढोबळ हिशेब मांडता येईल. प्रधानमंत्री आवास योजनेच्या (ग्रामीण) घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौ.मी. आहे. पाच मीटर लांब व पाच मीटर रुंद घराच्या बाहेरील भिंती आणि चार मीटर लांबीची एक आतील भिंत, उंची तीन मीटर व जाडी वीस सें.मी. धरली आणि दारे-खिडक्या वजा केल्या, तर सुमारे १३ घनमीटर वीटकाम होते. प्रमाणित आकाराच्या ५०० विटा प्रतिघनमीटर या हिशेबाने ६,५०० विटा लागतात. एका विटेचे वजन पावणेतीन ते तीन किलो धरल्यास ते १८ ते १९ टन भरते. म्हणजे एका लहानशा घरासाठी दहा टनी मालमोटारीच्या दोन खेपा घाट चढून आल्या पाहिजेत. ही वीट संपूर्ण मातीची असेल, तर तितक्या वजनाची माती खालच्या खोऱ्यातील एखाद्या शेतातून निघालेली असते. तिच्यात चतुर्थांश राख मिसळली, तर एका घरामागे साधारण साडेचार टन माती वाचते.

आहुप्यासारख्या गावाला हा लाभ मिळावा अशी धोरणाची रचना होती काय? २०१६ च्या दुरुस्तीत शासकीय योजनांतील बांधकामांना राखेची वीट सक्तीची झाली खरी, परंतु ती एक हजार चौ. फुटांहून अधिक बांधीव क्षेत्रासाठी. २५ चौ.मी. म्हणजे सुमारे २७० चौ. फूट. आदिवासी गावातील घरकुल या मर्यादेच्या कितीतरी खाली राहते. २०२१ च्या अधिसूचनेने ३०० कि.मी.च्या आतील सर्व बांधकामांचा समावेश केला, पण राखेच्या विटेची किंमत पर्यायी विटेपेक्षा अधिक नसावी, ही अट ठेवली. घाटमाथ्यावर किंमत ठरते ती वाहतुकीने. त्यामुळे जे गाव सर्वांत दूर, त्याच्याबाबतीत हे बंधन सर्वांत सैल होते. सक्ती नको, हे एका परीने बरेच म्हणावे लागेल. पण सक्तीबरोबर येणारी सवलतही त्यामुळे पोहोचत नाही, ही दुसरी बाजू आहे.

या ठिकाणी ३० जुलै २०१४ चे स्मरण अपरिहार्य आहे. त्या पहाटे याच तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. अतिवृष्टी, तीव्र उतार व मुरलेले पाणी यांबरोबरच डोंगरउतारावरील जमिनीच्या सपाटीकरणाचीही त्यानंतर चर्चा झाली. माळीणचे पुनर्वसन आमडे येथे झाले आणि एप्रिल २०१७ मध्ये नवी घरे ग्रामस्थांच्या स्वाधीन करण्यात आली. माळीणच्या दुर्घटनेचा विटेशी थेट संबंध नाही आणि तसा तो जोडणे अनैतिहासिक ठरेल. मात्र या खोऱ्यात माती हा केवळ कच्चा माल नाही, हे त्या घटनेने कायमचे अधोरेखित केले. उतारावरील माती जागेवर राहणे म्हणजे भात पिकणे, झरे वाहणे आणि गाव टिकणे होय. अशा प्रदेशात मातीला पर्याय शोधण्याची निकड वीजकेंद्राजवळच्या प्रदेशापेक्षा तसूभरही कमी नाही.

नागरी कचरा व अन्य प्रयोग :
राखेच्या तुलनेत नागरी कचऱ्याचा विटेत शिरकाव उशिरा व मंद गतीने झाला. राख एका ठिकाणी, मोठ्या प्रमाणात व बऱ्याच अंशी एकसारखी मिळते. शहराचा कचरा दररोज वेगळा असतो. २००० सालच्या नागरी घनकचरा नियमांनी वर्गीकरण व प्रक्रियेवर भर दिला. बांधकामाच्या राडारोड्यासाठी स्वतंत्र नियम यावयास २०१६ साल उजाडले. या नियमांनी राडारोड्यापासून तयार झालेल्या साहित्याचा १० ते २० टक्के वापर शासकीय व पालिकांच्या कंत्राटांत करण्याची तरतूद केली. दिल्लीत बुराडी येथे २००९ पासून राडारोड्यापासून पेव्हर व ठोकळे तयार केले जात होते. पाडलेल्या विटा दळून पुन्हा बांधकामात घालणे हे वस्तुतः सुरखीचेच पुनरागमन आहे, फक्त बैलाच्या घाणीची जागा यंत्राने घेतली आहे.

नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत राहुल रालेगावकर, सचिन मांडवगणे व त्यांच्या सहकाऱ्यांनी कागद कारखान्यातील गाळ व कापसाचा टाकाऊ अंश यांत सिमेंट मिसळून हलक्या विटा तयार करण्याचे संशोधन २०१० नंतरच्या काळात प्रसिद्ध केले. विदर्भातील कापूस व कागद गिरण्यांच्या संदर्भात हे काम महत्त्वाचे आहे, कारण त्यात वापरलेला कचरा त्याच प्रदेशातील आहे.

जुन्नर-आंबेगावच्या संदर्भात हाच विचार पुढे नेता येतो. जुन्नर तालुक्यातील विघ्नहर व आंबेगाव तालुक्यातील भीमाशंकर या सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात ऊस हे प्रमुख पीक आहे. उसाचा चोथा बाष्पकात जाळल्यावर उरणाऱ्या राखेत सिलिकेचे प्रमाण चांगले असते आणि योग्य तापमानास जळालेल्या अशा राखेत पोझोलानाचा गुण आढळतो. शिवाय डिंभे धरणामुळे घोडनदीचा जो गाळ पूर्वी खाली जात असे, त्यातील मोठा अंश आता जलाशयात अडतो. २०१७ पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत धरणांतील गाळ शेतात नेण्यास प्रोत्साहन मिळाले. सुपीक गाळावर शेताचाच पहिला हक्क असला पाहिजे. तथापि, शेतीस निरुपयोगी ठरणारा गाळ आणि स्थानिक राख यांचा विटेसाठी विचार करणे एकलहऱ्याहून राख आणण्यापेक्षा अधिक सयुक्तिक ठरेल काय, हे महाविद्यालयीन पातळीवरही तपासता येण्याजोगे आहे. येथे एक पथ्य मात्र पाळले पाहिजे. आहुप्याचा पाऊस सामान्य नाही. भाजलेल्या सामान्य विटेने २४ तासांत वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा अधिक पाणी शोषू नये, असा मानकाचा दंडक आहे. नवी वीट वापरण्यापूर्वी निदान एवढी कसोटी घेतल्याविना ती डोंगरावर पाठविणे म्हणजे गरिबाच्या भिंतीवर प्रयोग करणे होय.

भट्टीवरचा माणूस :
विटेचा इतिहास थापणाऱ्या हातांविना अपुरा राहतो. ठाणे-रायगड पट्ट्यातील कातकरी कुटुंबे पावसाळा संपला की उचल घेऊन भट्टीवर जात आणि उचल फिटेपर्यंत मालकाशी बांधली जात. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ मध्ये झाला, पण त्याची अंमलबजावणी लढून घ्यावी लागली. १९८२ मध्ये विवेक व विद्युल्लता पंडित यांनी स्थापन केलेल्या श्रमजीवी संघटनेने ठाणे जिल्ह्यात वेठबिगारांच्या मुक्तीचा प्रश्न हाती घेतला. भट्टीवरील झोपड्यांत वाढणाऱ्या मुलांसाठी पुढे भोंगाशाळाही सुरू झाल्या.

राखेच्या विटेविषयीच्या अधिसूचनांत या माणसाचा उल्लेख नाही. माती वाचविणारी व धूर टाळणारी वीट त्याच्या रोजगाराचे काय करील, हा प्रश्न धोरणाने विचारला नाही. यंत्राने दाबलेल्या विटेमुळे उचलीची साखळी तुटू शकते आणि हंगामी कामही जाऊ शकते. दोन्ही शक्यता खऱ्या आहेत. यंत्र व साचा कोणाच्या मालकीचा यावर त्यांपैकी कोणती प्रत्यक्षात येईल हे अवलंबून राहील. डोंगरावरून रोजगारासाठी खाली उतरणाऱ्या आदिवासी तरुणांच्या बचत गटांना वा सहकारी संस्थांना अशा विटांचे लहान केंद्र चालविता आले, तरच या तंत्राचा सामाजिक लाभ झाला असे म्हणता येईल.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) टाकाऊ द्रव्य विटेत वापरण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. तूस, राख, शेण व सुरखी ही तिची रूपे होत. जुन्या व्यवस्थेत टाकाऊ वस्तू जेथे निर्माण होई तेथेच जिरत असे, आधुनिक व्यवस्थेत ती दूर पाठवावी लागते.

२) राखेच्या विटेच्या प्रसारातील अडथळा तंत्रज्ञानाचा नव्हता. माती फुकट आणि राख टाकणे स्वस्त, हे समीकरण १९९९ नंतर कायद्याने बदलल्यावरच तो दूर होऊ लागला.

३) १९९९ च्या अधिसूचनेचा पहिला हेतू मातीचे रक्षण हा होता. ५०, १०० व ३०० कि.मी. अशा वाढत्या वर्तुळांबरोबर धोरणाचे मोजमाप राखेपुरते मर्यादित झाले.

४) आहुप्यासारखे गाव या वर्तुळात आले, परंतु लहान घरकुलांना वगळणारी क्षेत्रमर्यादा आणि घाटातील वाहतूक यांमुळे ते लाभाच्या कडेलाच राहिले.

५) म्हणून वर्तुळाचे केंद्र केवळ चिमणीवर न ठेवता मातीवरही ठेवणे इष्ट ठरेल. ज्या खोऱ्यातील माती नाजूक आहे तेथे स्थानिक टाकाऊ द्रव्यांच्या विटेस व तिच्या वाहतुकीस प्रथम साहाय्य मिळावे.

घोडनदी आहुप्याच्या माथ्यावरून माती घेऊन खाली जाते आणि त्याच मातीची वीट होऊन ती मालमोटारीने पुन्हा वर येते. या फेऱ्यात माती देणारे शेत, वीट थापणारा मजूर आणि घर बांधणारा आदिवासी या तिघांचाही हिशेब मांडला गेला, तरच टाकाऊपासून वीट करण्याचा उपक्रम त्याच्या मूळ हेतूशी प्रामाणिक राहिला असे म्हणता येईल.